नुसतं बोलून दारू सुटते कशी?

प्रश्न : आमच्या घरामागच्या शाळेत दर गुरुवारी संध्याकाळी एका वर्गात दहा-पंधरा माणसं जमतात. चौकशी केली तेव्हा कळलं, दारू सोडलेल्यांची मीटिंग असते. डॉक्टर नाही, औषध नाही, फी नाही, हजेरीपट सुद्धा नाही. एकेक जण उठतो, बोलतो, बसतो. मग चहा पिऊन सगळे घरी जातात. माझ्या मावसभावानं डॉक्टर केले, देवासमोर शपथा घेतल्या, पंढरपूरला जाऊन माळही घातली. काही टिकलं नाही. म्हणून कुतूहल वाटतं. नुसत्या बोलण्यानं दारू सुटते कशी? आणि एका दारुड्यानं दुसऱ्याला शिकवायचं तरी काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. दारू सोडलेला माणूस दुसऱ्या दारुड्याकडे जातो तो मुख्यतः स्वतःच्या गरजेपोटी. हे ज्याला पुरतं उमगलं तो मनुष्य मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन या गावी, मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत येरझाऱ्या घालत होता. बिल विल्सन त्याचं नाव, धंदा न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराचा. दारूपायी होतं नव्हतं ते घालवून, इस्पितळाच्या वाऱ्या करून, डिसेंबर १९३४ पासून तो कोरडा होता. ॲक्रनला आला होता एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या खटपटीत. डाव फसला, सोबतचे लोक परत गेले, आणि आठवड्याच्या शेवटी हा परक्या गावात एकटा उरला. लॉबीच्या एका टोकाला बार होता, तिथून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी.

त्याआधीचे पाच महिने विल्सन न्यूयॉर्कमध्ये भेटेल त्या दारुड्याला पकडून उपदेश करत होता. एकजण सुटला असेल तर शपथ! तो हताश झाला तेव्हा बायकोनं, लोईसनं, लक्षात आणून दिलं की बाकी कोणी सुटलं नसेल, पण तू तर प्यायलेला नाहीस ना? आता बारच्या आवाजाशेजारी उभं असताना त्याला तेच आठवलं असावं. त्यानं यादीतल्या पाद्र्यांना फोन लावायला सुरुवात केली. मागणी विचित्र होती : मला बोलायला एक दारुडा हवाय.

फोनाफोनी होत होत हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत निरोप पोहोचला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी डॉक्टर बॉब स्मिथ हजर झाले. स्मिथ पेशानं सर्जन. आदल्या दिवशीची उतरलेली नव्हती. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही, असं बजावूनच ते आले होते. कारण बोध त्यांनी भरपूर ऐकला होता. अडीच वर्षं प्रार्थनासभांना जात होते आणि पीतही होते. विल्सननं बोध केलाच नाही. न्यूयॉर्कच्या डॉक्टर सिल्कवर्थनी त्याला सांगून ठेवलं होतं की प्रवचन बंद कर, आजाराबद्दल बोल. त्यानं आपली हकिकत सांगितली. लपवलेल्या बाटल्या, मोडलेल्या शपथा, थरथरते हात. पाहुणे रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले. या आजाराबद्दल स्वतःच्या अनुभवातून बोलणारा आपल्याला भेटलेला हा पहिलाच माणूस, असं स्मिथनी पुढे लिहून ठेवलं आहे.

गोष्ट इथे संपली असती तर फार सोपी झाली असती. काही आठवड्यांनी डॉक्टर एका वैद्यकीय अधिवेशनाला गेले आणि तिथे पुन्हा प्यायले. परत आले तो शस्त्रक्रिया तोंडावर, हात थरथरत. हात स्थिर राहावेत म्हणून त्या सकाळी विल्सननंच त्यांना बिअर दिली. तो स्मिथांचा शेवटचा घोट. १० जून १९३५ ही त्याची तारीख मानतात, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे ए.ए. आपला जन्मदिवस त्या दिवशी धरते. भारतात ही मंडळी १९५७ सालापासून आहेत. तुमच्या शाळेतली गुरुवारची मीटिंग बहुधा त्यांचीच.

‘एकच प्याला’ आठवून पाहा. गडकऱ्यांच्या सुधाकराला समजावणारा रामलाल आहे, जीव ओवाळून टाकणारी सिंधू आहे, शपथ आहे, पश्चात्तापही आहे. पण दारू सोडून उभ्या राहिलेल्या माणसांची सोबत त्याला मिळत नाही. त्याची अवस्था आतून जाणणारा गोतावळा एकच, तळीरामाचं आर्य मदिरामंडळ! १९१९ मध्ये रंगमंचावर आलेलं हे नाटक आपण पतिव्रतेच्या हालांसाठी रडत पाहतो. मला त्यात ही उणीव जास्त टोचते. गडकऱ्यांचा दोष नाही. तशी सोबत तेव्हा समाजातच दिसत नव्हती.

आता त्या वर्गात काय घडतं ते पाहू. नवा माणूस मागच्या बाकावर बसतो. घरी त्याला तीन स्वर ऐकू येतात : राग, रडणं आणि समजावणी. इथे चौथाच स्वर असतो. कोणीतरी उठून सांगतो की मुलीच्या फीचे पैसे घेऊन मी बारमध्ये गेलो, आणि आज त्याला इतकी वर्षं झाली. ऐकणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया अनेकदा सुटकेची असते, कारण आपण केलं ते अघोरी कृत्य जगात आपणच केलं असं तो धरून चालला होता. दुसरी प्रतिक्रिया हिशेबाची : याला जमलं तर. डॉक्टर ही आशा शब्दांनी देतो, हा माणूस ती समोर उभी करतो.

बोलणाऱ्याचं काम याहून मोठं आहे. व्यसनी मेंदूची स्मरणशक्ती फार लबाड. पावसाळी संध्याकाळ, भजी, मित्र, पहिला घोट हे सगळं लख्ख आठवतं. सकाळची उलटी, पोलीस चौकी, आईचा चेहरा पुसट होत जातो. दर आठवड्याला तोच किस्सा चारचौघांत सांगणं म्हणजे पुसट होत चाललेली पानं पुन्हा गिरवणं. आपला किस्सा नव्याच्या कामी येतो आहे हे दिसलं की सांगणाऱ्याला, एरवी स्वतःच्याच घरात हरवलेली, किंमतही परत मिळते. फ्रँक रीसमन या अमेरिकी अभ्यासकानं १९६५ मध्ये हेच मांडलं होतं : मदत करणाऱ्याला मदत घेणाऱ्यापेक्षा जास्त फायदा होतो. पुढे प्रोजेक्ट मॅच या सतराशेहून अधिक रुग्णांच्या मोठ्या अभ्यासातली माहिती पुन्हा तपासली तेव्हा, इतर व्यसनींना मदत करणारे स्वतः कमी घसरतात असंच दिसलं.

तिसरं कारण अगदी साधं आहे, म्हणून विद्वानांच्या नजरेतून ते निसटतं. संध्याकाळी सातला काय करायचं? पिणाऱ्याच्या आयुष्यात ही वेळ ‘बसायची’ असते. दारू सोडली की दारूबरोबर मित्र जातात, गप्पा जातात, दिवसाचा शेवट जातो. घरी टीव्हीसमोर बसलेला तो माणूस चौथ्या दिवशी वेडापिसा होतो, आणि घरच्यांना कळत नाही की आता तर पीत नाही, मग चिडतो कशाला. मीटिंग नेमकी त्याच वेळेला असते. तिथे चहा आहे, चेष्टामस्करी आहे, आणि तल्लफ आली तर रात्री अकरालाही उचलला जाईल असा फोन नंबर आहे. हार्वर्डचे जॉन केली यांनी ए.ए. कशी लागू पडते याचा माग काढला, तेव्हा सर्वांत मोठा वाटा माणसाचा गोतावळा बदलण्याचा निघाला. पिणारे दोस्त घटतात, न पिणारे वाढतात.

तुमच्या मावसभावाच्या माळेकडे या बाजूनं पाहावंसं वाटतं. माळकऱ्यांनी दारू सोडल्याची उदाहरणं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. पण ज्यांची माळ टिकली त्यांच्याकडे नीट पाहिलं तर गळ्यातल्या मण्यांसोबत बरंच काही दिसतं. रोजचं भजन, एकादशी, वारीची दिंडी, आणि ‘बुवा, आज आला नाहीत?’ असं हटकणारी टाळकरी मंडळी. नुसती माळ घालून जो त्याच कट्ट्यावर परतला, त्याच्या हाती फक्त शपथ राहिली. शपथ मोडली की वर पापाची भावना, आणि ती बुडवायला पुन्हा दारू. मावसभावाचं नेमकं काय झालं मला ठाऊक नाही, पण माळ घातल्यावर त्याच्या संध्याकाळी कोणाबरोबर जात होत्या हे जरूर विचारा.

‘हे सगळं ठीक, पण सिद्ध झालंय का?’ असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. बरीच वर्षं उत्तर गुळमुळीत होतं. वैद्यकीय पुरावे चाळून काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २००६ मध्ये ठोस काही सांगता येत नाही असाच निष्कर्ष दिला होता. २०२० मध्ये त्यांनी नवा आढावा प्रसिद्ध केला. त्यात २७ अभ्यास आणि साडेदहा हजारांवर रुग्ण होते. वर्षभरानंतर पूर्ण कोरडे राहिलेले लोक, ए.ए.कडे पद्धतशीर वळवलेल्या गटात १०० पैकी ४२, मानसोपचारासारखे इतर उपचार घेतलेल्यांत ३५. हे आकडे दोन्हीकडून वाचावेत. फुकटची मीटिंग महागड्या उपचाराच्या बरोबरीनं, किंबहुना थोडी पुढे चालते हे खरं. शंभरातले निम्म्याहून अधिक वर्षभरात कधीतरी प्यायले, हेही खरं. या लोकांच्या भाषेत त्याला ‘स्लिप’ म्हणतात, आणि स्लिप झालेल्याला दार बंद नसतं. घसरलेला पुन्हा येतो, सगळ्यांसमोर सांगतो, पहिल्या दिवसापासून मोजायला लागतो. आपल्या घरांमध्ये मात्र पहिल्या स्लिपलाच ‘हा सुधारायचा नाही’ असा निकाल लागतो.

फी का नाही, याची गोष्टही गमतीची आहे. सुरुवातीच्या काळात विल्सनला इस्पितळं काढायची होती, पगारी प्रचारक नेमायचे होते. तो थेट धनाढ्य रॉकफेलरच्या दारात गेला. रॉकफेलरला काम आवडलं, म्हणूनच त्यानं मोठी रक्कम द्यायला नकार दिला. पैशानं हे बिघडेल, असं त्याचं म्हणणं. पाच हजार डॉलर मात्र दिले. पुढे ए.ए.नं बाहेरच्यांची देणगी घ्यायचीच नाही असा नियम केला. राजकारणात, दारूबंदीच्या वादात मत द्यायचं नाही, वर्तमानपत्रात नाव-फोटो झळकवायचे नाहीत हेही ठरलं. यामागे एक जुना धडा होता. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका दारूच्या गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी मिळून वॉशिंग्टनियन चळवळ सुरू केली होती. तीही हकिकती सांगण्यावरच उभी होती. ती इतकी फोफावली की १८४२ मध्ये तरुण अब्राहम लिंकननं तिच्या सभेत भाषण केलं. मग दारूबंदीचं राजकारण, पुढारी, मतभेद आत शिरले आणि दहाएक वर्षांत सगळं विरून गेलं. आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाचा इतिहास आठवा, वेगळं काय असतं?

आता एका ठिकाणी थांबून सावध करायलाच हवं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात दारू तोडली तर पहिले चार-पाच दिवस मीटिंगच्या आवाक्यातले नसतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, घाम, ताप, वेळ-जागेचं भान सुटणं असा झटका येऊ शकतो आणि त्यात माणूस दगावतोसुद्धा. ‘अंगात आलंय’ म्हणून अंगाऱ्या-धुपाऱ्यात हे दिवस घालवलेली घरं आहेत. यावर चांगले उपचार आहेत : डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कमी करत नेलेल्या शामक गोळ्या आणि थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं. सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात ते होतात. पुढे तल्लफ कमी करणारी औषधंही मिळतात. ती घेणारा माणूस मीटिंगला ‘कच्चा’ ठरत नाही. तसं कोणी म्हणत असेल तर गट बदलावा.

ए.ए.च्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांमधला देव पुष्कळांना खटकतो. ‘आपल्याला जसा समजेल तसा’ अशी पळवाट त्यात मुद्दाम ठेवली आहे. कित्येक नास्तिक त्या जागी समोरच्या गटालाच धरतात. तेही पटत नसेल तर दुसरी दारं आहेत, आणि महाराष्ट्र-गोव्यात ती बरी आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख पु. ल. आणि सुनीताबाईंच्या वाचनात आले, त्यांनी एक लाखाची देणगी दिली, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचटांनी ते उभं केलं. तिथे डॉक्टर आणि समुपदेशक आहेतच, पण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले कार्यकर्ते ही त्याची खरी ताकद. मुंबईत १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः या आजारातून गेलेले, आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, म्हणून तिथे ए.ए.च्या पायऱ्यांना योगासनांची जोड मिळाली.

गोव्यानं तर माझ्या वरच्या सगळ्या मांडणीला थोडा छेद दिला आहे. ‘संगत’ संस्थेनं सरकारी आरोग्य केंद्रांत साध्यासुध्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं. ना डॉक्टर, ना माजी व्यसनी. त्यांनी अति पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्याच बैठकींत बोलायचं. ३७७ जणांवरचा हा प्रयोग २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन महिन्यांनी पिणं आटोक्यात आलेले समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के, एरवीच्या सल्ल्याच्या गटात २६ टक्के. म्हणजे अजून पूर्ण आहारी न गेलेल्या माणसाला नीट ऐकून घेणारा कोणीही उपयोगी पडतो. तरी माझं मत असं की व्यसन मुरलं असेल तर समोर त्याच वाटेनं गेलेला माणूस असावा.

अडचण दारांची कमी आणि दारापर्यंत पोहोचण्याची जास्त आहे. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’नं केलेल्या २०१९ च्या पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळालेले होते. बाकीच्यांच्या घरी काय चाललं असेल? बायको साहेबांना फोन करून ‘यांना ताप आहे’ म्हणते, भाऊ उधारी फेडतो, आई उशाला पाणी ठेवते. मायेपोटीच सगळं, पण त्यामुळे पिण्याची किंमत पिणाऱ्याला मोजावीच लागत नाही. लोईस विल्सननं १९५१ मध्ये अल-अनॉन हे नातेवाइकांचे गट सुरू केले ते यासाठीच. मुक्तांगणमध्ये बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. तुमच्या मावसभावाची बायको त्याच्याआधी अशा ठिकाणी जाऊ शकते. त्याची तयारी होईपर्यंत तिनं थांबायचं कारण नाही. घरबसल्या सुरुवात करायची तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट आहेत. तुम्हालाही कुतूहल असेलच, ए.ए.च्या काही मीटिंग ‘ओपन’ असतात, तिथे बाहेरच्यालाही मागे बसता येतं. ‘क्लोज्ड’ मीटिंग मात्र ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यापुरती असते. शाळेच्या दारात कोणालाही विचारा. आत ऐकलेलं नाव मात्र बाहेर घ्यायचं नाही.

दोन गोष्टी चुकूनही करू नका. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतली गोळी किंवा पावडर चहात घालू नका. त्यात बऱ्याचदा डायसल्फिरम असतं; ते पोटात असताना माणूस प्यायला तर तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ते औषध वाईट नाही, पण घेणाऱ्याला ठाऊक असलंच पाहिजे. आणि केंद्र निवडताना आधी स्वतः जाऊन आत काय आहे ते बघा. नोंदणी आहे का, रात्री फिट आली तर डॉक्टर कोण, घरच्यांना कधी भेटू देतात, सुटल्यावर फॉलोअप किती महिने, हे विचारा. यातलं काही न सांगता ‘पत्ता द्या, गाडी पाठवतो, उचलून आणतो’ म्हणणाऱ्यांकडे मावसभावाला धाडू नका.